कंपनीच्या जेटवर दिवसाच्या बोलीने: अमेरिकेत कंत्राटी वैमानिक व्हायचं असेल तर

न्यू जर्सीत आपल्या मराठी मुलांपैकी बरेच जण आता फ्लाइंग शिकतात. त्यातलं कुणी ना कुणी दर महिन्याला फोन करून विचारतं, "दादा, ते कॉर्पोरेट जेटचं पार्ट-टाइम काम कसं मिळतं?" मी आठवड्यातले तीन-चार दिवस इन्स्ट्रक्टर म्हणून शिकवतो आणि महिन्यातले पाच-सहा दिवस जेट उडवतो. एकेकाला फोनवर सांगताना निम्मं राहून जातं. म्हणून सगळं एकदा लिहून काढतोय.

आधी काम काय असतं ते पाहू. एखाद्या कंपनीचं किंवा धनाढ्य माणसाचं स्वतःचं जेट असतं आणि त्यावर दोन कायमचे वैमानिक असतात. त्यातला एक आजारी पडतो, रजेवर जातो किंवा वार्षिक प्रशिक्षणाला सिम्युलेटरवर जातो. जेट मात्र उद्या सकाळी निघायचं असतं. मग चीफ पायलट आपली यादी काढतो आणि ओळखीतल्या तिसऱ्या माणसाला फोन लावतो. तो तिसरा माणूस म्हणजे आपण. पगार नाही, ठरलेला डे रेट. ट्रिप संपली की हिशेब संपला. ही उड्डाणं एफएएच्या (अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था) पार्ट ९१ या नियमांखाली होतात, म्हणजे मालक स्वतःच्या कामासाठी स्वतःचं विमान वापरतो. भाडं घेऊन प्रवासी नेणं हा वेगळा धंदा आहे. त्याला पार्ट १३५ म्हणतात. हा फरक डोक्यात पक्का बसवा, पुढे त्याच्यावरच सगळं येतं.

व्हिसा

इथे घाई करून चालत नाही. एफएएचं लायसन्स मिळवायला अमेरिकेचं नागरिकत्व लागत नाही, त्यामुळे अनेकांना वाटतं की लायसन्स आलं म्हणजे काम करता येईल. तसं नाही. एच-१बी वर असाल तर ज्या कंपनीने तुमचा अर्ज केला तिच्याखेरीज दुसरीकडे पैसे घेऊन काम करता येत नाही, मग तो एकाच दिवसाचा डे रेट का असेना. विद्यार्थी व्हिसावर असाल तर कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला लेखी विचारा आणि त्यांचं उत्तर जपून ठेवा. ग्रीन कार्ड आलं की वाट मोकळी होते. तरी टाइप रेटिंगच्या, म्हणजे ठरावीक प्रकारचं विमान उडवण्याच्या परवान्याच्या, प्रशिक्षणाआधी टीएसए या वाहतूक सुरक्षा खात्याची परवानगी ग्रीन कार्डवाल्यालाही काढावी लागते. सिम्युलेटरची तारीख ठरवण्याआधी तो अर्ज टाका.

विमान कंपनीत नोकरी असेल आणि सुट्टीच्या दिवशी हे करायचं असेल, तर आधी नोकरीचा करार वाचा आणि परवानगी लेखी घ्या.

लायसन्स, तास आणि टाइप रेटिंग

कागदावर कमर्शियल लायसन्स, मल्टी-इंजिन, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेरचं न दिसता उपकरणांवर उडायची परवानगी) आणि सेकंड क्लास मेडिकल म्हणजे वैद्यकीय प्रमाणपत्र एवढं पुरतं. प्रत्यक्षात एटीपी हे वैमानिकाचं सगळ्यात वरचं लायसन्स असलेल्यालाच फोन येतो. त्यासाठी वय २३ आणि साधारण १,५०० तास लागतात. खरी अट मात्र एफएएची नसते, विमा कंपनीची असते. ते पुढे सांगतो.

जेट कितीही छोटं असलं तरी कॅप्टन म्हणून उडवायला त्या प्रकारचं टाइप रेटिंग लागतंच. फ्लाइटसेफ्टी किंवा सीएईसारख्या केंद्रात दोन-तीन आठवडे ग्राउंड स्कूल आणि सिम्युलेटर, मग तोंडी परीक्षा आणि चेकराइड, म्हणजे परीक्षकासमोर उडवून दाखवायची परीक्षा. खर्च पाच आकडी डॉलरांत जातो. मोठ्या गल्फस्ट्रीमचा विचार तर स्वतःच्या खिशातून करूच नये.

कोणतं रेटिंग घ्यायचं? मुलं स्वप्नातलं विमान निवडतात. तुम्ही घरापासून तासाभरात पोहोचता येईल असे दोन-तीन विमानतळ निवडा आणि तिथे कोणती जेट्स उभी असतात ते वहीत लिहा. माझ्यासाठी टेटरबरो, मॉरिसटाउन आणि व्हाइट प्लेन्स. मी महिनाभर शिकवून परतताना मॉरिसटाउनच्या कुंपणाशी गाडी थांबवून शेपटीवरचे नंबर टिपायचो. घरी येऊन एफएएच्या नोंदणीत मालक कोण ते बघायचो. साइटेशन सीजे मालिकेची विमानं सगळ्यात जास्त निघाली. या मालिकेतल्या बहुतेक विमानांना सीई-५२५ हे एकच टाइप रेटिंग चालतं. निर्णय तिथेच झाला.

पण कुणी काम देतो म्हटल्याशिवाय एवढे पैसे घालू नका, असंच मी सांगेन. रेटिंग आहे आणि त्या प्रकारावर एकही तास नाही, अशा माणसाला विमा कंपनी सहजी कॅप्टन म्हणून घेत नाही. त्यापेक्षा उजव्या, म्हणजे को-पायलटच्या, खुर्चीतून शिरा. एफएएच्या नियम ६१.५५ प्रमाणे सेकंड-इन-कमांडला, म्हणजे को-पायलटला, विमानाच्या यंत्रणांची ओळख, तीन टेक-ऑफ, तीन लँडिंग आणि इंजिन बंद पडल्यावरच्या कृतींचा सराव लागतो. हे प्रशिक्षण मालकाच्या विमानातच होऊ शकतं. अमेरिकेच्या हद्दीतल्या उड्डाणांना को-पायलटला टाइप रेटिंगही लागत नाही. हद्दीबाहेर जायचं झालं तर ते लागतं. मी पहिले साठ तास असेच उजवीकडून केले. दर कमी होता, पण त्या साठ तासांत दोन चीफ पायलट ओळखीचे झाले आणि माझं पुढचं सगळं काम त्यांच्या ओळखीतून आलं.

ओळखी अशाच होतात. एफबीओच्या (विमानतळावर खासगी विमानांची सोय बघणारी कंपनी) काउंटरवर बायोडेटा ठेवून काही होत नाही. सिम्युलेटरवर तुमच्यासोबत जो जोडीदार येतो, तो कुठल्या तरी कंपनीचा कायमचा वैमानिक असतो. चार दिवस तुम्ही एकमेकांची परीक्षा बघता. तो परत गेल्यावर त्याच्या चीफ पायलटला जे सांगतो, तीच तुमची शिफारस.

तारखांची वही

कंपनीच्या वैमानिकाच्या तारखा कंपनी सांभाळते, तुमच्या तारखा तुम्हीच. कॅप्टन म्हणून बसायचं तर नियम ६१.५८ चा प्रोफिशियन्सी चेक, म्हणजे कौशल्याची तपासणी, दर १२ महिन्यांत झालेला हवा, आणि त्याच प्रकारच्या विमानावरचा २४ महिन्यांच्या आत. प्रवासी घेऊन जायचे तर गेल्या ९० दिवसांत तीन टेक-ऑफ आणि तीन लँडिंग, रात्रीसाठी रात्रीचे आणि पूर्ण थांबून केलेले. इन्स्ट्रुमेंटसाठी सहा महिन्यांत सहा अप्रोच (उपकरणांवर धावपट्टीकडे उतरत येणं), होल्डिंग (हवेत घिरट्या घालत थांबणं) आणि ट्रॅकिंग (ठरलेला मार्ग धरून जाणं). शिवाय मेडिकल आणि पासपोर्ट.

महिन्याला पाच दिवस उडणाऱ्याचे हे ९० दिवस कधी उलटून जातात ते कळतही नाही. रात्रीचे लँडिंग सगळ्यात आधी चुकतात, कारण उद्योगपती बहुतेक दिवसा फिरतात. मी या सगळ्या तारखांचा एक पानी कागद बनवून ठेवला आहे. ट्रिपचा फोन आला की होकाराबरोबर तो पाठवतो. चीफ पायलटला विचारावं लागत नाही आणि मलाही खोटं बोलायचा मोह होत नाही.

रिकरंट, म्हणजे ठरावीक काळाने पुन्हा करायच्या, प्रशिक्षणाचा खर्च कोण करणार हा या कामातला सगळ्यात अवघड व्यवहार. समजा रिकरंटला १४,००० डॉलर लागले आणि तुमचा डे रेट १,२०० आहे. म्हणजे वर्षातले पहिले बारा दिवस तुम्ही सिम्युलेटरसाठी उडलात. वर्षाला वीस दिवसच मिळणार असतील तर हा धंदा होत नाही. म्हणून एकाच प्रकारच्या विमानाच्या दोन-तीन मालकांशी बोला. एकाने प्रशिक्षणाचे पैसे भरावेत, त्या बदल्यात वर्षाला ठरावीक दिवस त्याला आधी द्यावेत, असा लेखी करार होऊ शकतो. माझा असाच आहे.

विमा: इथे थांबून नीट वाचा

मालकाच्या विमा पॉलिसीत वैमानिकांचं एक कलम असतं. काही पॉलिसींत नावं लिहिलेली असतात. काहींत अटी असतात, उदाहरणार्थ एटीपी, एकूण ३,००० तास, टर्बाइन इंजिनाच्या विमानांचे १,०००, त्या प्रकारावरचे १००, आणि बारा महिन्यांत सिम्युलेटर रिकरंट. या अटीत तुम्ही बसत नसाल आणि यादीत नावही नसेल, तर अपघाताच्या दिवशी ते विमान विम्याविना उडत होतं असं विमा कंपनी म्हणू शकते.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची, आणि ती मला पहिल्या वर्षी कुणी सांगितली नाही. नाव यादीत असलं म्हणजे विम्याने तुम्हाला संरक्षण दिलं असं नाही. विमा मालकाचा आहे. विमान धावपट्टीवरून घसरलं, विमा कंपनीने मालकाला वीस लाख डॉलर दिले, आणि मग तेच पैसे वसूल करायला ती तुमच्या दारात आली, असं होऊ शकतं. या हक्काला सबरोगेशन म्हणतात. कायमचा वैमानिक कंपनीचा नोकर असल्याने बहुधा आतल्या बाजूला असतो. कंत्राटी माणूस बाहेरचा. म्हणून तीन गोष्टी लेखी मागायच्या: पॉलिसीखाली मान्यताप्राप्त वैमानिक म्हणून नाव, अतिरिक्त विमाधारक म्हणून नाव, आणि तुमच्याविरुद्ध सबरोगेशनचा हक्क सोडल्याचं कलम. हे सगळं विमा दलालाच्या एका प्रमाणपत्रावर येतं. त्याला बहुधा एक दिवस लागतो आणि मालकाला फारसा खर्च येत नाही.

माझ्या पहिल्या वर्षातली गोष्ट. एका छोट्या कंपनीच्या जेटवर मी तीन ट्रिप केल्या होत्या. चौथीच्या आधी एका जुन्या कॅप्टनने सहज विचारलं, "सर्टिफिकेट आहे ना तुझ्याकडे?" मी दलालाला मेल केला. दीड ओळीचं उत्तर आलं: या नावाचा वैमानिक आमच्या यादीत नाही. माझा फॉर्म चीफ पायलटच्या टेबलावर तसाच पडून होता. कुणाचा वाईट हेतू नव्हता, राहून गेलं होतं. पण त्या तीन ट्रिपांत एकदा मी बर्फ पडत असताना उतरलो होतो. घरी बायको, दोन वर्षांची मुलगी, आणि घराचं कर्ज नुकतंच घेतलेलं. त्या रात्री मला झोप आली नाही. तेव्हापासून प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय मी विमानात पाय ठेवत नाही. यामुळे आजवर दोन ट्रिपा गेल्या. जाऊ देत.

हे भाड्याचं विमान तर नाही?

दुसरा सापळा बेकायदा चार्टरचा. मालक हुशारी करतो. जेट रिकामं उभं असतं, मग "मित्रांना" देऊन पैसे घेतो. त्यासाठी पार्ट १३५ चं प्रमाणपत्र लागतं, आणि त्या प्रमाणपत्राखाली उडणाऱ्या वैमानिकाचं प्रशिक्षण, चेक आणि ड्रग टेस्टिंग त्या ऑपरेटरच्या व्यवस्थेत झालेलं असावं लागतं. रात्री फोन आला आणि सकाळी बसला, असं तिथे होत नाही. पार्ट ९१ समजून बसलात आणि प्रवाशाने भाडं भरलेलं निघालं, तर एफएए तुमच्या लायसन्सवर कारवाई करते आणि विमाही हात वर करू शकतो.

२ फेब्रुवारी २००५ ला टेटरबरोला एक चॅलेंजर जेट ६ नंबर धावपट्टीवरून उठलंच नाही. विमानतळाचं कुंपण तोडून ते रूट ४६ हा भरला रस्ता ओलांडून पलीकडच्या गोदामात शिरलं. सुदैवाने कुणी दगावलं नाही. वजनाचा मध्य मर्यादेच्या फार पुढे होता आणि वैमानिकांनी त्याचा हिशेब नीट केला नव्हता, हे कारण अपघातांची चौकशी करणाऱ्या एनटीएसबीने दिलं. चौकशी पुढे गेली तेव्हा ती कंपनी कशी चार्टर चालवत होती हे बाहेर आलं. चालवणाऱ्यांवर फौजदारी खटला चालला आणि शिक्षा झाल्या. मी रूट ४६ वरून जातो तेव्हा प्रत्येक वेळी डावी-उजवीकडे बघतो.

ओळखायचं कसं? ट्रिप ठरताना विचारा: प्रवासी कोण, मालकाशी त्यांचा संबंध काय, या उड्डाणाचे पैसे कोण देतो, आणि उड्डाणाचं नियंत्रण कुणाच्या हातात आहे. काही बाबतींत खर्च वाटून घेणं कायदेशीर असतं. ९१.५०१ खाली टाइम शेअरिंगचा करार करता येतो. पण तो लेखी असतो, आणि घ्यायच्या रकमेला त्यात मर्यादा असते. कागद दाखवा म्हटलं की खरा मालक दाखवतो. विमान आणि वैमानिक दोन्ही एकाच माणसाकडून येत असतील आणि पैसे भरणारा तिसराच असेल, तर सावध व्हा.

एकदा व्हाइट प्लेन्सला मी सामान चढवत होतो. प्रवासी कॉफीचा कप हातात घेऊन जवळ आला आणि म्हणाला, "उरलेले पैसे कुणाच्या खात्यात टाकू?" अगदी साधेपणाने विचारलं त्याने. मी ज्याने बोलावलं होतं त्याला फोन लावला. तो म्हणाला, मालकाचे मित्र आहेत, खर्च वाटून घेताहेत. करार पाठव म्हटलं. उत्तर आलं नाही. मी माझी बॅग विमानातून काढली, त्या प्रवाशाची माफी मागितली आणि घरी आलो. त्या माणसाचा फोन पुन्हा आला नाही. त्याच्या यादीत नाव नसल्याने माझं काही अडलं नाही.

दर आणि कर

माझ्या ओळखीतल्या मंडळींमध्ये सध्या लाइट जेटच्या कॅप्टनचा दिवस हजार ते दीड हजार डॉलरच्या आसपास आहे, मोठ्या जेटचा त्याहून जास्त. उजव्या खुर्चीचा कमी. दिवस म्हणजे कॅलेंडरचा दिवस. दोन तास उडलात तरी पूर्ण दिवस, परगावी हॉटेलात बसून राहिलात तरी पूर्ण दिवस, एअरलाइनने विमानापर्यंत पोहोचायला लागला तोही दिवस. अर्धा दिवस ही गोष्ट कबूल करू नका. तिकीट, हॉटेल, जेवणाचा भत्ता मालकाचा. ट्रिप रद्द झाली तर किती तास आधी सांगितल्यास किती पैसे, तेही आधीच मेलवर लिहून घ्या. आपल्याला पैशाचं बोलायला संकोच वाटतो. इथे कुणाला वाटत नाही. उलट आधी बोललात तर ते तुम्हाला व्यवसाय कळणारा माणूस समजतात.

मालक तुमच्याकडून डब्ल्यू-९ हा करासाठीच्या माहितीचा फॉर्म घेतो आणि वर्षाअखेरी १०९९-एनईसी, म्हणजे तुम्हाला किती पैसे दिले त्याचा फॉर्म, देतो. कर कापून पैसे येत नाहीत, त्यामुळे खात्यात आलेली रक्कम सगळी तुमची नसते. निव्वळ कमाईवर सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स १५.३ टक्के, त्यावर आयकर. तो दर तिमाहीला भरायचा: १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर, १५ जानेवारी. मी प्रत्येक चेकमधला तिसरा हिस्सा वेगळ्या खात्यात टाकतो. हेडसेट, चार्टचं सदस्यत्व, रिकरंट, मेडिकल हा खर्च धरता येतो, पावत्या ठेवा. आणि एकच मालक महिन्याचे पंधरा दिवस तुम्हाला ठरवून बोलावत असेल, तर ती खरं म्हणजे नोकरी आहे. त्याच्याशी नोकरीचंच बोला.

ट्रिपचा दिवस

निघायच्या दीड-दोन तास आधी पोहोचा. ज्याच्याबरोबर कधी उडला नाहीत, त्याच्याबरोबर तासाभरात चाळीस हजार फुटांवर असणार आहात. शेजारी बसून चार गोष्टी ठरवा: चेकलिस्ट कशी वाचायची, कॉलआउट (उड्डाणात मोठ्याने बोलायचे ठरलेले शब्द) काय, टेक-ऑफ सोडायचा झाला तर कोण बोलणार आणि कोण थांबवणार, अप्रोच स्थिर नसेल तर काय. घराची रीत पाळा, पण चेकलिस्टच्या बाबतीत पाहुण्याचा संकोच ठेवू नका.

३१ मे २०१४ ला बोस्टनजवळ हॅन्सकॉम फील्डला एक गल्फस्ट्रीम फोर टेक-ऑफ करताना धावपट्टीबाहेर गेलं. सातही जण गेले. कंट्रोल जागच्या जागी अडकवून ठेवणारा गस्ट लॉक काढायचा राहिला होता. निघण्याआधी कंट्रोल हलवून बघितले असते तर लगेच कळलं असतं. ते दोघे वैमानिक वर्षानुवर्षं एकत्र उडत होते. त्याआधीच्या १७५ टेक-ऑफपैकी ९८ टक्के वेळा त्यांनी ही तपासणी पूर्ण केली नव्हती, असं विमानातल्याच नोंदींतून निघालं. दोघांची सवय एक झाली की चूक दोघांनाही दिसत नाही. तिसरा माणूस म्हणून तुम्ही तिथे बसता तेव्हा तुम्हाला ती दिसते, आणि दिसली की बोलायचं.

टेटरबरोहून निघणार असाल तर रूडी डिपार्चर, म्हणजे तिथून बाहेर पडायचा छापील ठरलेला मार्ग, घरीच दहा वेळा वाचा. २४ नंबर धावपट्टीवरून वेंट्झ हा नकाशावरचा बिंदू १,५०० फुटांवर ओलांडायचा, मग टास्का हा बिंदू २,००० वर. डोक्यावर नेवार्कला उतरणाऱ्या विमानांची रांग असते. हलकं जेट अर्ध्या मिनिटाच्या आत १,५०० ला पोहोचतं, आणि परक्या विमानात हात बटणं शोधत असतात. इथे उंची चुकलेले अनुभवी लोक मी पाहिले आहेत. चुकलात, तर दहा दिवसांच्या आत नासाच्या एएसआरएसकडे (वैमानिकांनी स्वतःहून चूक कळवायची सुरक्षा योजना) अहवाल पाठवा.

पार्ट ९१ मध्ये ड्युटीच्या तासांना कायद्याची मर्यादा नाही. सकाळी सहाला निघून रात्री बाराला परत, असं कुणी सहज म्हणून जातं. माझी मर्यादा १४ तासांची आहे आणि ती मी पहिल्याच मेलमध्ये लिहितो. मध्यरात्री विमानतळावर उभं राहून वाद घालण्यापेक्षा ते सोपं जातं.

केबिनचं कामही आपलंच. कॉफी, बर्फ, वर्तमानपत्रं, हा क्रम इथे सगळ्यांच्या तोंडात असतो. सामान उचलायचं, सीटबेल्ट नीट मांडायचे, गरज पडली तर टॉयलेटची व्यवस्था बघायची. केबिनमध्ये कंपनी विकण्या-घेण्याचं बोलणं कानावर पडतं, ते तिथेच सोडायचं. फोटो काढायचे नाहीत. आणि ज्याच्या जागी तुम्ही आलात त्याच्या नोकरीवर डोळा ठेवायचा नाही. या धंद्यात सगळे एकमेकांना ओळखतात.

परतल्यावर विमान आपण घेतलं त्यापेक्षा स्वच्छ करून ठेवा, काही बिघाड असेल तर लिहून चीफ पायलटला कळवा, लॉगबुक भरा. इन्व्हॉइस त्याच रात्री पाठवा: तारखा, विमानाचा नंबर, दिवस, भत्ता, पावत्यांचे फोटो, आणि पैसे किती दिवसांत हवेत ते. मी पंधरा दिवस लिहितो. सोळाव्या दिवशी एक साधा मेल करतो, आणि तोपर्यंत त्या मालकाची पुढची तारीख घेत नाही.